एक वर्ग, दोन शिक्षक

कामगार संघटनेचा माणूस व्यासपीठावर उभा राहिला, की बोनस, महागाईभत्ता आणि कंत्राटी कामगार ह्यांपलीकडे तो काही बोलेल अशी अपेक्षा श्रोते सहसा करीत नाहीत. आज मात्र मी शाळेविषयी बोलणार आहे, आणि तीही आपल्या गावची शाळा नव्हे, अमेरिकेतील शाळा. माझे स्वतःचे शिक्षण रात्रशाळेत झाले. इंग्रजी मी पंचविशीनंतर, करारनामे वाचता यावेत एवढ्यासाठी, शब्दकोश मांडीवर घेऊन शिकलो. तेव्हा शिक्षणशास्त्राचा अधिकारी म्हणून मी येथे उभा नाही. परंतु ज्या प्रश्नाने मला ह्या विषयाकडे ओढून नेले, तो प्रश्न माझ्या चांगल्या ओळखीचा होता.

माझी एक पुतणी न्यूयॉर्क राज्यातील एका शाळेत शिक्षिका आहे. परदेशांतून आलेल्या आणि घरी इंग्रजी न बोलणाऱ्या मुलांना इंग्रजी शिकविणे, हे तिचे काम. तिला स्वतःचा वेगळा वर्ग नाही. ती दुसऱ्या शिक्षकाच्या वर्गात जाते आणि दोघांनी मिळून एकच तास घ्यावा अशी तेथे योजना आहे. दोन वर्षांपूर्वी तिने मला फोनवर विचारले, "काका, मी शिक्षिका आहे की मदतनीस? विज्ञानाचे सर फळ्याशी शिकवतात आणि मी मागे उभी राहून मुलांच्या कानाशी कुजबुजते. आज काय शिकवायचे आहे, हे मला वर्गाच्या दारात कळते. कोणी रजेवर गेले, की माझा तास मोडून मला तिकडे पाठवतात."

मी म्हणालो, "पोरी, ह्याला आमच्याकडे बदली कामगार म्हणतात."

ती हसली, पण त्या हसण्यात समाधान नव्हते. तेव्हापासून ह्या विषयावर हाती लागेल ते मी वाचीत आलो आहे. त्यातून मला जे उमगले ते आज आपल्यापुढे ठेवतो. प्रथम एका शब्दाचा खुलासा करतो. ह्या पद्धतीला 'सहशिक्षण' म्हणता येत नाही, कारण मुलेमुली एकत्र शिकतात त्याला आपण तो शब्द केव्हाच देऊन टाकला आहे. म्हणून मी 'सहअध्यापन' असे म्हणेन. एका वर्गात, एकाच वेळी, दोन शिक्षक: एक विषय जाणणारा आणि दुसरा भाषा शिकविण्याचे शास्त्र जाणणारा.

ह्या गोष्टीची मुळे शोधीत गेले म्हणजे आपण सॅन फ्रान्सिस्को शहरात येऊन पोहोचतो. १९७१ च्या सुमारास तेथील सार्वजनिक शाळांत चिनी वंशाची २,८५६ मुले अशी होती, की ज्यांना इंग्रजी येत नव्हते. त्यांपैकी सुमारे एक हजार मुलांना इंग्रजीची जादा शिकवणी मिळे; उरलेल्या सुमारे अठराशे मुलांना काहीच मिळत नसे. ती इतरांच्याच बाकांवर बसत, इतरांचीच पुस्तके उघडीत आणि शिक्षकाच्या तोंडाकडे पाहत राहत. ह्या मुलांच्या वतीने दावा दाखल झाला. खालच्या न्यायालयांनी तो फेटाळला. त्यांच्या मते शाळेने सर्वांना सारखेच वागविले होते. २१ जानेवारी १९७४ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हा निर्णय फिरविला. 'लाउ विरुद्ध निकल्स' ह्या नावाने हा खटला प्रसिद्ध आहे. न्यायमूर्ती विल्यम डग्लस ह्यांनी लिहिलेल्या निकालाचा आशय असा, की सारखी पुस्तके, सारखे शिक्षक आणि सारखा अभ्यासक्रम दिला म्हणजे समान वागणूक झाली असे नव्हे. ज्याला शिक्षणाची भाषाच कळत नाही, तो वर्गात बसूनही शिक्षणाबाहेरच राहतो. ह्या निकालाला आधार होता तो १९६४ च्या नागरी हक्कांच्या कायद्याचा.

हे पटण्यासाठी मला कायद्याच्या पुस्तकाची गरज पडली नाही. माझे वडील ज्या कारखान्यात होते तेथे एकदा सर्वांपुढे एक इंग्रजी कागद सहीसाठी ठेवण्यात आला. वडिलांना सही येत होती, इंग्रजी येत नव्हते. त्यांनी सही केली. तो कागद राजीनाम्याचा निघाला. व्यवस्थापनाने पुढे सांगितले, की कागद साहेबांना आणि कामगारांना एकच होता, त्यात भेदभाव कसला? कागद एकच होता, हे खरे आहे.

सर्वोच्च न्यायालयाने अन्याय दाखविला, पण उपाय कोणता करावा हे ठरवून दिले नाही. पुढे १९८१ साली टेक्सासमधील रेमंडव्हिल गावच्या शाळांसंबंधी 'कास्तानेदा विरुद्ध पिकार्ड' हा खटला संघराज्याच्या अपील न्यायालयापुढे चालला. शाळेची योजना तपासण्यासाठी त्या न्यायालयाने तीन प्रश्न घालून दिले. योजना शिक्षणशास्त्राला धरून आहे का? ती अमलात यावी एवढी माणसे आणि साधने खरोखर दिली आहेत का? आणि काही काळ गेल्यावर मुलांपुढील भाषेचा अडसर प्रत्यक्षात दूर होतो का? ह्यांतील दुसरा प्रश्न श्रोत्यांनी लक्षात ठेवावा. माझ्या आजच्या सांगण्याचा सारा भार त्याच्यावर आहे.

हा प्रश्न मूठभर मुलांचा आहे असेही नाही. २०२१ साली अमेरिकेच्या सार्वजनिक शाळांत इंग्रजी शिकणारी म्हणून नोंदलेली मुले सुमारे ५३ लाख होती. म्हणजे दर शंभर मुलांत दहा-अकरा. त्यांतील सुमारे तीनचतुर्थांश मुलांच्या घरी स्पॅनिश बोलली जात होती. बाकीच्यांत चिनी, अरबी, व्हिएतनामी अशा पुष्कळ भाषा येतात, आणि आपल्याकडून नोकरीसाठी गेलेल्या कुटुंबांतील काही मराठी मुलेही त्यांत सापडतात.

ह्या मुलांसाठी जुनी पद्धत अशी होती, की ठरावीक वेळी त्यांना वर्गातून उठवून वेगळ्या खोलीत न्यायचे आणि तेथे इंग्रजी शिकवायचे. वरवर पाहता ही सोय चांगली वाटते. परंतु मूल त्या खोलीत असताना मुख्य वर्गातील गणित थांबत नाही. मूल परत येते तेव्हा अपूर्णांकांचा पाठ पुढे सरकलेला असतो. एक खड्डा बुजविण्यासाठी शेजारी दुसरा खणावा, तसा हा प्रकार झाला. ॲरिझोना राज्याने तर २००८ पासून अशा मुलांसाठी रोज चार तास निव्वळ इंग्रजीचे ठेवले होते. मग विज्ञान आणि इतिहास केव्हा शिकायचा? शेवटी २०१९ साली कायदा बदलून ही वेळ जवळजवळ निम्म्यावर आणावी लागली.

यावर कोणी म्हणेल, की मुले भाषा लवकर उचलतात. वर्षभर कळ काढली तर काय बिघडते? येथे कॅनडातील भाषाशास्त्रज्ञ जिम कमिन्स ह्यांनी १९७९ च्या सुमारास केलेला एक भेद उपयोगी पडतो. खेळाच्या मैदानावरची भाषा वेगळी आणि पाठ्यपुस्तकातील भाषा वेगळी. पहिली साधारण दोन वर्षांत येते. दुसरीत बरोबरीला यायला पाच ते सात वर्षे लागतात. मूल फडाफडा बोलू लागले, की शिक्षक म्हणतो, ह्याला इंग्रजी येते. मग ते गणितात मागे पडले, तर दोष त्याच्या बुद्धीला लागतो.

पुतणीने सांगितलेले उदाहरण देतो. गणिताच्या तासाला शिक्षकांनी विचारले, आठ आणि पाच ह्यांतील 'डिफरन्स' किती? ग्वाटेमालाहून आलेल्या एका मुलाने उत्तर दिले, आठ सम आहे आणि पाच विषम आहे. वर्ग हसला. मुलाचे उत्तर चूक होते काय? बाजारात आणि घरात 'डिफरन्स' म्हणजे वेगळेपण. वजाबाकीचे उत्तर असा त्याचा अर्थ फक्त गणिताच्या तासाला होतो. गणित शिकविणाऱ्याला हा शब्द इतका सवयीचा झालेला असतो, की तो अडतो हेच त्याच्या ध्यानात येत नाही. ते ध्यानात येण्यासाठी वर्गात दुसरा माणूस लागतो, आणि त्याला बोलण्याचा अधिकार लागतो.

येथे सहअध्यापनाची कल्पना पुढे येते. मुलाला भाषेकडे नेण्याऐवजी भाषेच्या शिक्षकाला मुलाकडे आणावे, हे तिचे सूत्र. अपंग मुलांना सर्वांबरोबर शिकता यावे म्हणून अमेरिकेत दोन शिक्षकांची पद्धत आधीच रूढ होऊ लागली होती. लिन कुक आणि मॅरिलिन फ्रेंड ह्या विदुषींनी १९९५ साली तिचे प्रकार व्यवस्थित मांडले. इंग्रजी शिकणाऱ्या मुलांसाठी ती कशी योजावी ह्याचे विवेचन आंद्रेआ हॉनिग्सफेल्ड आणि मारिया डव्ह ह्यांच्या २०१० सालच्या ग्रंथात आहे. त्यांनी सात रचना सांगितल्या आहेत. एकच पाठ घेऊन त्या पाहू. समजा, जलचक्र शिकवायचे आहे: पाण्याची वाफ, वाफेचे ढग, ढगांचा पाऊस. विषयाचे उद्दिष्ट हे चक्र समजणे. भाषेचे उद्दिष्ट कारण आणि परिणाम सांगणारी वाक्ये मुलांना बनविता येणे; 'कारण', 'म्हणून', 'त्यामुळे' ह्या अर्थाचे इंग्रजी शब्द वापरता येणे. दोन्ही उद्दिष्टे आधी लिहिलेली असली, म्हणजेच दोन शिक्षकांना काम आहे असे समजावे.

पहिल्या तीन रचनांत सारा वर्ग एकत्र बसतो. पहिलीत एक शिक्षक पाठ पुढे नेतो आणि दुसरा ठरलेल्या ठिकाणी ठरलेले काम करतो. 'वाफ होणे' हा शब्द आला, की चित्र दाखवितो किंवा अर्धे वाक्य फळ्यावर लिहून मुलांकडून पुरे करून घेतो. दुसरीत दोघेही बरोबरीने बोलतात. एकाने प्रयोग करावा आणि दुसऱ्याने त्याला मुलांच्या मनातील प्रश्न विचारावेत. गायनातील जुगलबंदीसारखा हा प्रकार आहे. तिसरीत एक शिकवितो आणि दुसरा वही घेऊन पाहतो: कोण बोलले, कोण गप्प राहिले, कोणाची गाडी कोणत्या शब्दाशी अडली.

पुढच्या तीन रचनांत वर्गाचे दोन गट होतात. चौथीत दोन्ही शिक्षक दोन गटांना तोच पाठ शिकवितात; गट लहान झाल्यामुळे गप्प मुलालाही बोलण्याची पाळी येते. पाचवीत एक शिक्षक काही मुलांना पाठाला लागणारी पूर्वतयारी आधी करून देतो आणि दुसरा उरलेल्यांना त्याच विषयाची वेगळी माहिती देतो. सहावीत पाठ झाल्यावर ज्यांना तो नीट कळला नाही त्यांना एक जण पुन्हा शिकवितो, आणि दुसरा बाकीच्यांना पुढची माहिती देतो. सातवीत मुलांचे अनेक लहान गट असतात. एक गट प्रयोग करतो, एक चित्र काढतो, एक वाचतो, आणि दोघे शिक्षक सर्वांमध्ये फिरत राहतात.

ह्यांत श्रेष्ठ कोणती असे विचारू नये. लोहार कोणता हातोडा श्रेष्ठ हे सांगत नाही. काम पाहून हातोडा उचलतो. मात्र दोन धोके सांगितले पाहिजेत. पाचवी आणि सहावी रचना रोज वापरली आणि दर वेळी तीच मुले कोपऱ्यातील टेबलाशी बसली, तर वेगळी खोली पुन्हा आली असे समजावे. फक्त मधली भिंत नाही. वर्गाच्या आत असा दुसरा वर्ग तयार झालेला मुलांना मोठ्यांच्या आधी कळतो. दुसरा धोका पहिल्या रचनेत आहे. तीत 'ठरलेले काम' हा शब्द गळाला, की दुसरा शिक्षक मदतनीस होतो. माझी पुतणी ह्याच खड्ड्यात पडली होती.

आता मूळ मुद्द्यावर येतो. ठरायचे केव्हा?

दोन कामगारांना एका यंत्रावर उभे केले आणि पाळी सुरू होण्यापूर्वी बोलण्यास पाच मिनिटेही दिली नाहीत, तर काय होते हे आम्हांला ठाऊक आहे. एक चालवितो आणि दुसरा पुसतो. त्यात कोणाचा स्वभाव वाईट असतो असे नव्हे. वेळच दिलेला नसतो. वर्गातही तेच घडते. ह्या पद्धतीचे जाणकार चार पायऱ्या सांगतात: एकत्र योजणे, एकत्र शिकविणे, एकत्र तपासणे आणि मग एकत्र विचार करणे. ह्यांपैकी फक्त दुसरी पायरी वर्गात दिसते. बाकीच्या तीन वर्गाबाहेर घडतात, म्हणून काटकसर करणाऱ्याची कात्री तेथेच चालते.

न्यूयॉर्क राज्याने २०१४ साली आपले नियम बदलले आणि २०१५–१६ च्या शालेय वर्षापासून ते लागू केले. त्यांनुसार आठवीपर्यंतच्या वर्गांतील अगदी नवख्या मुलाला आठवड्यास ३६० मिनिटे इंग्रजीची मदत मिळायची. त्यांपैकी १८० मिनिटे स्वतंत्र आणि १८० मिनिटे एखाद्या विषयाच्या तासाला जोडून. ह्या जोडलेल्या तासाला एकतर दोन्ही विषयांची पात्रता असलेला एक शिक्षक हवा, नाहीतर दोन शिक्षक हवेत. मुलाचे इंग्रजी सुधारत जाते तसतशी स्वतंत्र तासाची सक्ती कमी होते. नवख्याला थोडा वेळ वेगळा द्यावा आणि बाकीचा सर्वांसोबत, ही तडजोड मला शहाणपणाची वाटते. ज्याला इंग्रजीचा एकही शब्द येत नाही त्याला केवळ मोठ्या वर्गात नेऊन बसविणे हीही क्रूरताच होय. परंतु वर्गातील मिनिटे मोजून लिहिणे सोपे असते. वर्गाबाहेरचा तास शेवटी शाळेच्या वेळापत्रकात कोणीतरी शोधून काढावा लागतो.

अमेरिकेतील पुष्कळ ठिकाणी शिक्षकांच्या करारात तयारीचा तास असतो. पण एकाचा तयारीचा तास दहा वाजता आणि दुसऱ्याचा दोन वाजता असेल, तर दोघांची मिळून तयारी शून्य! शिवाय भाषेच्या एका शिक्षिकेला पाच जणांच्या वर्गांत पाठविले, तर पाच जणांशी बसायला तिने तास आणावेत कोठून? म्हणून आमच्या भाषेत मागणीपत्र लिहायचे झाले तर ते असे होईल: दोघांना आठवड्यात निदान एक सामाईक तास, कामाच्या वेळेत आणि पगारी, एका भाषाशिक्षकाकडे दोन किंवा तीनच जोडीदार, रजेच्या जागी बदली म्हणून त्याला न उचलणे, आणि दोघांची नावे दारावर, दोघांची सही प्रगतिपुस्तकावर. शेवटची मागणी मानापमानाची वाटेल. पण खरा शिक्षक कोण हे मुले दारावरच्या नावावरून ठरवितात.

मिनेसोटा राज्यातील सेंट पॉल शहराचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. १९७५ नंतर लाओसमधून परागंदा झालेली हमोंग कुटुंबे तेथे मोठ्या संख्येने स्थायिक झाली. २००४ पासून थायलंडमधील वाट थाम क्राबोक येथील छावणीतून आणखी कुटुंबे आली. ह्या शतकाच्या आरंभी त्या शहराच्या शाळांनी मुलांना वर्गाबाहेर काढण्याची पद्धत मागे टाकून भाषेचे शिक्षक नेहमीच्या वर्गांत आणले. भाषेचा शिक्षक हा तेथे पाहुणा राहिला नाही. तो त्या वर्गाचा झाला.

खर्चाचा आक्षेप येणारच. एका वर्गाला दोन पगार कसे परवडावेत? माझे उत्तर व्यवहाराचे आहे. दुसरा पगार शाळेने दिलेलाच असतो. त्याला सामाईक तास नाकारला, म्हणजे दोन पगार मोजून एकच शिक्षक विकत घेतला. उधळपट्टी ती आहे. आठवड्याचा एक तास वाचवून वर्षाचे सारे तास वाया घालविणाऱ्या हिशेबनिसाला आमच्या कारखान्यात कोणी ठेवले नसते.

पुतणीचे पुढे काय झाले, ते सांगतो. तिने आणि विज्ञानाच्या शिक्षकांनी मिळून मुख्याध्यापकांना अर्ज दिला. दोघांनी मिळून दिला, हे महत्त्वाचे. शुक्रवारचा एक तास त्यांना मिळाला. पहिल्याच बैठकीत त्या शिक्षकांनी विचारले, "पुढच्या पाठात मुले कोणत्या शब्दांना अडतील?" तिने यादी दिली. मग त्यांनी तिला नम्रपणे सांगितले, की वाफेचे पाणी कसे होते हे ती मुलांच्या कानाशी सहा महिने चुकीचे सांगत होती! ती मला म्हणाली, "काका, मला वाटत होते की फक्त त्यांनाच माझी गरज आहे." त्या शुक्रवारनंतर ती मागच्या भिंतीशी उभी राहत नाही. बदलीचा त्रास मात्र पुरता गेलेला नाही. त्यासाठी दुसरा अर्ज द्यावा लागेल.

आपल्याकडे ह्याचे काय, असे आपण विचाराल. मेळघाटातील कोरकू मूल किंवा गडचिरोलीतील माडिया मूल मराठी शाळेत येते तेव्हा त्याची स्थिती सॅन फ्रान्सिस्कोतील त्या मुलांहून फार वेगळी नसते. सेमी-इंग्रजी वर्गात विज्ञान इंग्रजीतून ऐकणाऱ्या आपल्या शेजारच्या मुलाचीही तीच गत होते. आपल्या शाळांना दोन शिक्षक लगेच मिळतील असे आश्वासन मी देत नाही. कित्येक ठिकाणी एकाचीच वानवा आहे. पण विज्ञानाचे शिक्षक आणि इंग्रजीचे शिक्षक एकाच इमारतीत असतात. त्यांना आठवड्यातून एक तास समोरासमोर बसवून, पुढच्या पाठात मूल कोणत्या शब्दाशी अडेल एवढेच विचारायला लावणे, ह्यासाठी नवी नेमणूक लागत नाही. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत पालकांना बहुमत दिले आहे. पुढच्या बैठकीत कोणीतरी हा एक तास मागावा.

माझ्या वडिलांच्या कारखान्यातही इंग्रजी वाचता येणारा एक कारकून होता, आणि तो भला माणूस होता. त्या दिवशी तो पलीकडच्याच टेबलाशी बसला होता. त्याला आणि वडिलांना पाच मिनिटे बोलू द्यावे, असे कोणाच्या मनात आले नाही, इतकेच.